दिवे घालवायची कळ

"बाई, उठा आता. पूजा करायचीय."

खंडेनवमीचा दिवस. दुपारचे बारा. मी कानावरचा हेडफोन काढला, बोर्डावर ठेवला आणि पर्स उचलली. दारात सचिवसाहेब उभे होते, हातात झेंडूच्या माळा. चेहरा हसरा. ते कधी कुणावर ओरडत नाहीत.

"तुम्हाला ह्यातलं काही नसतं. तुम्ही मोकळ्या. घरी जा निवांत."

अकरा वर्षं हेच वाक्य. अकरा वर्षं मी निवांत घरी गेले.

मी एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. कचेरी धाराशिवात. शाळा, कॉलेज, वसतिगृहं जिल्हाभर. त्या दिवशी मी चौकापर्यंत गेले, रिक्षाला हात केला आणि लक्षात आलं, चष्मा बोर्डाशेजारीच राहिला. चष्म्याशिवाय मला औषधाच्या बाटलीवरचं नावसुद्धा वाचता येत नाही. परत फिरले.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पाच-सहा माणसं. मंगलताईच्या हातात तांब्या होता, तांब्यात तुळशीची डहाळी. ती माझ्या बोर्डावर शिंपडत होती. आधी बोर्ड. मग तिनं हेडफोन उचलला, वायरीला धरून, दोन बोटांनी, आणि कानाच्या दोन्ही गाद्यांवर शिंपडलं. गोमूत्राचा वास दारापर्यंत येत होता.

सचिवसाहेब म्हणाले, "खुर्चीवर पण."

तिनं खुर्चीवर पण शिंपडलं.

मग तिनं कुंकू भिजवलं. कुणीतरी मोबाईल काढून म्हणालं, "ताई, मधल्या मोठ्या कळीवर लावा. फोटोत दिसतंय." तिनं बोट भरून कुंकू घेतलं आणि मोठ्या कळीवर दाबून लावलं.

मी म्हणाले, "माझा चष्मा."

सगळे वळले. मंगलताईचा हात तिथंच थांबला. मग अकाउंटंट हसला, "या की बाई. पेढा घ्या. पेढ्याला काय जात नसती." दोघं-तिघं हसले. सचिवसाहेब म्हणाले, "शास्त्र असतं बाई. मनावर घेऊ नका."

चष्म्याचं घर ओलं झालं होतं. मी ते पदराला पुसलं, चष्मा घातला आणि बाहेर पडले. एक शब्द बोलले नाही. हे मला लिहायलाच पाहिजे. मी त्या दिवशी काहीसुद्धा बोलले नाही.

आम्ही मूळचे ईट गावचे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात खंडेनवमी नाही. पूजा मला करायचीच नव्हती. पण पूजा न करणं ही माझी गोष्ट. खुर्चीवरून उठवणं त्यांची. अकरा वर्षं मी ह्या दोन्ही एकच धरल्या. सोयीचं होतं ते. लवकर घरी जायला मिळायचं. दसऱ्यानंतर कामावर आले की हेडफोनच्या गाद्या दमट लागायच्या, वास यायचा. मी स्वतःला सांगायचे, साफसफाई केली असेल. बाकी वर्षभर त्या गाद्या कुणी साफ केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला कळत होतं. मी कळू देत नव्हते.

आणि मंगलताई. ती हेडक्लार्क. तिची माझी रोजची जेवणाची जोडी. माझ्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिला लागायचीच. "तुझ्या हातच्या भाकरीसारखी माझी होतच न्हाय बघ," म्हणून ती आधी माझा डबा उघडायची, मग स्वतःचा. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन रात्री ती दवाखान्यात माझ्या उशाशी बसली होती. माझी अंतर्वस्त्रं धुतली होती तिनं. त्या हातांनी हेडफोन वायरीला धरून उचलला.

माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. बाहेरून कुणाचा फोन आला आणि ज्याला करायचा तो जागेवर नसला किंवा कचेरी बंद असली, की यंत्र निरोप टिपून घेतं. निरोप पडला की त्या माणसाच्या फोनवर लाल दिवा लुकलुकतो. तोच दिवा माझ्या बोर्डावरही लागतो. म्हणजे सगळ्यांचे दिवे मला एका जागी दिसत. कुणी निरोप ऐकायचा कंटाळा केला तर मी इथून त्याच्या फोनचा दिवा परत लावायचे. आणि यंत्र अडकलं, चुकीचे दिवे लागून राहिले, तर सगळे एकदम घालवायला एक कळ होती. मधली. सगळ्यांत मोठी.

माणसं निरोप लगेच ऐकत नाहीत. विशेषतः येडशीच्या मुलींच्या वसतिगृहातल्या वॉर्डनबाई. तिथं ऊसतोड कामगारांच्या मुली राहतात. आईबाप सहा महिने कारखान्यावर, मुली इथं. वॉर्डनबाई पालकांना स्वतःचा मोबाईल नंबर देत नाहीत. "दिला तर जेवू देत न्हाईत," म्हणतात. म्हणून मुलींच्या कार्डावर कचेरीचा नंबर छापलाय. आईबाप मुकादमाच्या, दुकानदाराच्या, कुणाच्याही फोनवरून तो लावतात. उलटा फोन करायला त्यांचा कुठला एक नंबर नसतो. त्यांनी ठेवलेला निरोप हाच काय तो धागा. त्यामुळं वसतिगृहाचा दिवा लागलेला दिसला की मी तो ऐकला जाईपर्यंत वॉर्डनबाईंचा पिच्छा सोडत नसे. "ओ बाई, दिवा लागलाय, उचला की." त्या वैतागायच्या. पण ऐकायच्या.

दसऱ्याला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. सगळ्यांबरोबर उभी राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. तोंडानं म्हणत होते आणि डोळ्यांसमोर ती दोन बोटं.

तिसऱ्या दिवशी कामावर आले. खुर्ची पुसली. हेडफोन पुसला. बोर्डावर फुलं वाळलेली, कुंकू वाळून कडक झालेलं. बोर्डावर एकही दिवा नव्हता. दीड दिवस बोर्डावर कुणी नव्हतं आणि एकही निरोप नाही. मला बरंच वाटलं. म्हटलं, सणाचं कोण फोन करतंय.

अकराच्या सुमाराला फोन आला. बाईचा आवाज, मागं ट्रॅक्टरचा.

"येडशीचं होस्टेल व्हय का?"

"कचेरी आहे. बोला."

"राणीची आई बोलतीया. सातवीतली राणी. बाई, तेवढं सांगा, ती रुसली हाय का माझ्यावर?"

मी म्हणाले, "का हो? काय झालं?"

"म्या निरोप ठिवला हुता. दसऱ्याला सकाळी धाच्या टायमाला आमचा ट्रक तिकडनं जायचा हुता. मुकादमाच्या पाया पडून पाच मिन्टं मागून घेतली. म्हणलं पोरीला गेटापशी हुबी करा. ट्रक थांबला, म्या उतरले, गेटाला कुलूप. हाका मारल्या. कुत्रंसुदिक न्हाय. रुसली म्हणून आली न्हाय का बाई? मागल्या खेपंला म्या तिला न सांगता गेले हुते. रडंल म्हणून. ती म्हणली हुती, आता परत असं केलंस तर बोलणार न्हाय."

मी म्हणाले, "थांबा. मी बघते. संध्याकाळी परत लावाल का?"

"मुकादमानं फोन दिला तर लावते."

मी वसतिगृहाचा दिवा बघितला. बंद. वॉर्डनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "निरोप कुठला? माझ्या फोनचा दिवा लागलाच न्हाय. दसऱ्याला पोरींना रामलिंगच्या देवळात घेऊन गेले. सगळ्या गेल्या." मी म्हटलं, दिवा राहू द्या, निरोपांची पेटी उघडून ऐका. त्यांनी ऐकला आणि मग मलाही ऐकवला. खंडेनवमीला दुपारी पावणेदोनला पडलेला निरोप:

"हॅलो. हॅलो. कोण न्हाय का? राणीला सांगा, उद्या धा वाजता तिची आई येतीया. गेटापशी हुबं ऱ्हा म्हणावं. तिच्यासाठी धपाटे आणतीया. गेटापशी. उद्या."

पावणेदोनला. रोज त्या वेळी मी बोर्डावर असते. त्या दिवशी मला बारा वाजता मोकळी केली होती.

राणी काय म्हणते ते मी विचारलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "ती काय म्हणणार? काल रामलिंगहून आल्यावर रस्त्यानं ट्रक जाताना बघितले, आणि म्हणाली, आई ह्या वर्षीबी न सांगता गेली. जेवली न्हाय."

दुपारी बोर्डाचा मिस्त्री आला. त्यानं वरचं झाकण काढलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "मॅडम, आत काय सांडलंय?"

मी सांगितलं.

त्यानं मधली कळ नखानं खरवडली. कुंकवाचा चिखल आत जाऊन वाळला होता. "ही कळ दाबलेलीच बसली. कुठला पण दिवा लागला की यंत्र त्याच क्षणी घालवतंय. दोन दिवस तेच करत बसलंय बिचारं." सगळे मिळून चौदा निरोप निघाले. तेरा किरकोळ.

मी मंगलताईकडं गेले. ती टेबलावर डबा उघडून बसली होती, माझी वाट बघत. मी बसले नाही. विचारलं, "माझ्या हातची भाकरी चालते तुला. माझा हात लागलेलं मशीन चालत नाही?"

ती खाली बघून म्हणाली, "भाकरी माझ्या एकटीची असती गं. पूजा संस्थेची असती."

"किती वर्षं शिंपडतेस?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "पहिल्यापासनं. साहेबांनी सांगितलं म्हणून. मला काय हौस हाय का?" आणि रडायला लागली. मी तिथं उभी राहून तिचं रडणं बघितलं. तिच्या पाठीवरून हात फिरवायची मला सवय होती. हात उचलला नाही. दवाखान्यातल्या तीन रात्री खऱ्या होत्या. ह्या अकरा खंडेनवम्याही खऱ्या. दोन्ही एकाच बाईच्या. मला अजून ते एकत्र बसवता आलेलं नाही.

संध्याकाळी सचिवसाहेबांनी बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद. "खंडेनवमीला घरी जाताना माझ्याकडून चुकून सर्व दिवे बंद करण्याची कळ दाबली गेली. यापुढे काळजी घेईन." खाली माझं नाव. सहीसाठी जागा.

साहेब म्हणाले, "नुसती फॉर्मॅलिटी आहे बाई. वॉर्डनबाईंनी वर कळवलंय, उत्तर तर द्यावं लागणार. तुमच्यावर काही कारवाई होणार नाही, माझा शब्द. आणि त्या बाईचा फोन आला तर सांगा, मुलीला ताप होता, म्हणून बाहेर सोडली नाही. आईचं समाधान होतं."

मी म्हणाले, "मुलगी रामलिंगला गेली होती. तिला निरोप मिळाला नव्हता. आणि कळ मी दाबली नाही."

"मग कोणी दाबली म्हणता?"

"पूजेत दबली. कुंकू लावताना."

ते हसले. नेहमीसारखंच. "आता पूजेवर घ्यायचं का हे? लोक काय म्हणतील? तुम्ही समजूतदार आहात. इतकी वर्षं कधी तक्रार नाही तुमची."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं. तेच मला लागलं. कारण ते खरं होतं. माझी कधी तक्रार नव्हती. मी अकरा वर्षं उठले. एकदा जरी म्हटलं असतं की मी इथंच बसणार, तुम्ही तुमची पूजा करा, तर पावणेदोनला तो फोन मी उचलला असता. दोन मिनिटांचं काम. मी समजत होते, माझा अपमान माझ्यापुरता आहे. मी गिळला, संपला. तो संपला नव्हता. मी गिळत होते आणि तो येडशीच्या गेटापाशी एका बाईच्या रूपात, हातात धपाट्यांचं फडकं घेऊन उभा होता.

मी कागद सरकवला. "ह्याच्यावर सही करणार नाही. माझं उत्तर मी हातानं लिहून देते."

राणीच्या आईचा फोन सातला आला. मी घरी गेले नव्हते, त्यासाठीच थांबले होते. मी तिला सगळं सांगितलं. मला कधी उठवलं, का उठवलं, काय शिंपडलं, कुठली कळ बसली. "राणी रुसली नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. ती समजतीय तुम्ही न सांगता गेलात." मग ती म्हणाली, "तुमच्यासंगं असं केलं व्हय बाई त्यांनी?" तिनं आधी माझं विचारलं. तिथं मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत तेव्हाच.

पुढच्या रविवारी ती स्वतः आली. एक दिवसाची सुट्टी घेऊन, तीन एसट्या बदलून. मी येडशीला गेले. मला वाटलं होतं, भेट होईल, दोघी रडतील, आई परत जाईल. राणी तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली, बोलली नाही. आई म्हणाली, "पेटी भर."

मी म्हणाले, "असं करू नका. चूक आमची आहे. पोरीची शाळा का तोडता? हुशार आहे ती."

"हुशार हाय, मला ठावं हाय."

"मी आहे ना. मी रोज बघेन. तुमचा निरोप मी स्वतः पोचवेन."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता डोळ्यांत. "बाई, तुमाला त्यांनी खुर्चीवरनं उठिवलं, तर तुमी उठलाव. उद्या परत उठिवतील. मंग माझ्या पोरीला कोण सांगंल?"

मी बाजूला झाले.

राणीनं पत्र्याची पेटी आणली. विज्ञानाचं पुस्तक आत टाकलं, परत काढलं, कट्ट्यावर ठेवलं. आई म्हणाली, "घे ते. असू दे." तिनं घेतलं नाही. फाट्यावर एसटी आली. पेटी कंडक्टरनं ओढून घेतली. दोघी गेल्या. विज्ञानाचं पुस्तक माझ्या हातात राहिलं. ते मी वॉर्डनबाईंकडं दिलं. ठेवून तरी काय करणार होते.

माझं उत्तर चार ओळींचं होतं. खंडेनवमीला बारा वाजता मला बोर्डावरून उठवलं. मी बौद्ध आहे म्हणून माझ्या बोर्डावर, हेडफोनवर आणि खुर्चीवर गोमूत्र शिंपडलं. कुंकू लावताना दिवे घालवायची कळ दाबली गेली. त्यामुळं एका मुलीला तिच्या आईचा निरोप मिळाला नाही. खाली सही. एक प्रत सचिवांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना, एक समाजकल्याण कार्यालयाला. पोहोच घेतली.

मंगलताई माझ्या घरी आली होती. चहा घेतला नाही. म्हणाली, "बाकी सगळं ऱ्हाऊ दे. दुसरी ओळ काढ. माझं नाव न्हाय त्यात, मला माहितीय. पण शिंपडणारी कोण ते सगळ्यांना ठावं हाय. माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. तुझ्या पाया पडते." आणि ती खरंच वाकली. मी तिला धरून उभी केली. "पाया पडू नको मंगल," म्हणाले. "ओळ राहणार." ती चप्पल घालून निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. दुपारी डबा उघडला की मी अजून दोन भाकरी मोजून बाजूला काढते आणि मग परत आत ठेवते. हात ऐकत नाही.

मला बोर्डावरून काढून रेकॉर्डच्या खोलीत बसवलंय. जुन्या फायली, धूळ. सचिवसाहेब एकदा येऊन गेले. "पत्र मागं घ्या, बोर्डावर परत बसा. तुमच्याशिवाय तिथं कुणाला काही जमत नाही." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "विचार करा." मी म्हणाले, "केलाय."

ह्या खोलीतच वसतिगृहांचे पट येतात. राणीच्या नावासमोर तिला कमी केल्याचं कारण लिहिलंय: पालकांचं स्थलांतर. वॉर्डनबाईंचं अक्षर, साहेबांची सही. आईबाप तर चार वर्षं स्थलांतर करतायत. त्या चारही वर्षांत राणी पटावर होती. ते कारण खोटं आहे.

राणी परत येणार नाही. तिच्या आईला मी फोन केला होता, मुकादमाच्या नंबरावर. ती म्हणाली, "आता मोळ्या बांधती माझ्यासंगं. संगं हाय एवढं बास." मी तिला परत शाळेचं बोलले नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही, तर कुठल्या तोंडानं बोलू.

पण पटावरचं ते कारण मी राहू देणार नाही. मुलगी का गेली ते तिथं लिहिलं जाईल, त्याच रकान्यात, जे झालं त्याच शब्दांत. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. पहिला परत आला. दुसरा दिलाय. नोकरीची नऊ वर्षं राहिलीत माझी. नऊ वर्षं अर्ज देईन.